राणीआईचा उसवलेला झगा

फार पूर्वी, बांधावरची ती मोठी चिंच अजून बोटाएवढं रोप होती तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्याच्या काठी एक गाव होतं. गावाला पाणी तळ्याचं, मासे तळ्याचे, आणि पोरांना सांगायला गोष्टही तळ्याचीच.

ती गोष्ट गावात सगळ्यांना पाठ. एके वर्षी आभाळ कोसळलं, तळं फुगलं, बांध पाझरायला लागला. लोक बोचकी बांधून पळायच्या बेतात होते. तेव्हा तिथली राणी पालखीतून उतरली आणि बांधाच्या मधोमध जाऊन बसली. म्हणाली, बांध गेला तर आधी मी जाईन, तोवर तुम्ही माती टाका. आता राणीच बसली म्हटल्यावर पळणार कोण? गाव दिवसभर पाट्या वाहत राहिलं. मावळतीला पाऊस ओसरला, बांध टिकला आणि गाव वाचलं. लोक तिला राणीआई म्हणायला लागले.

तेव्हापासून दरसाल त्या दिवशी गावातली एक बाई राणीआईसारखा झगा घालून बांधावर बसायची. सूर्य उगवताना बसायचं आणि मावळला की उठायचं. मध्ये उठायचं नाही. राणी उठली तर बांध खचतो, असं लोक मानायचे. बसणार कोण, ते बांगड्यांवर ठरे. गावातल्या सगळ्या बाया एकेक बांगडी मडक्यात टाकत आणि एखादी चिमुरडी डोळे मिटून त्यातली एक काढी. जिची बांगडी निघाली ती त्या वर्षाची राणी. पण मान आला आणि नाही म्हटलं, तर मात्र तिची बांगडी पुन्हा कधी मडक्यात पडत नसे.

या गावात भिवरा नावाची एक बाई राहत होती. हातात सुई धरली की तिला जेवणाची शुद्ध नसे. चोळ्या, कुंच्या, गोधड्या, तिच्या हातची शिवण उसवायची तर कात्रीलाही घाम फुटे. उघडी शिवण दिसली की तिला चैन पडत नसे. रस्त्यानं चाललेल्या माणसाला थांबवून, 'बाबा, खांद्यावर उसवलंय, बस जरा,' म्हणून ती तिथंच टाके घालायची. आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, असं लोक म्हणतात. भिवरा म्हणाली असती, आधी शिडी आणा, मग बघू.

भिवराच्या घरात तिचा मुलगा होता, तो तळ्यात नाव हाकायचा. त्याची बायको सगुणा. ती वरच्या कोरड्या माळावरून लग्न होऊन आलेली. गावातल्या बाया तिला अजून 'माळावरची' म्हणत. पाणवठ्यावर ती आली की कुणीतरी हसून म्हणे, हिला एवढं पाणी बघून भोवळ येत असेल. सगुणाही हसायची, पण ते तिच्या मनाला लागायचं. आणि सासूसुनेच्या मांडीवर आलटून पालटून असायची ती सगुणाची तान्ही लेक. अजून नुसती दुधावरच होती.

त्या वर्षी मडक्यातून सगुणाची बांगडी निघाली.

सगुणा आनंदानं लाल झाली. तेवढ्यात तिला लेक आठवली आणि तिचा चेहरा उतरला. भोवतालच्या बायाही कुजबुजल्या. लेकुरवाळीनं दिवसभर बसायचं कसं? आजवर ज्या ज्या लेकुरवाळीची बांगडी निघाली, तिनं हात जोडून नाही म्हटलं होतं. सगुणानं सासूकडे पाहिलं. तिला वाटलं, आत्याबाई मान हलवून नको म्हणतील. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

भिवरा म्हणाली, "बसेल माझी सून."

घरी परतताना सगुणानं विचारलं, की तुम्ही असं एकदम हो कसं म्हणालात. भिवरानं मग सांगून टाकलं. सगुणाचा नवरा तान्हा होता तेव्हा भिवराचीच बांगडी निघाली होती, आणि तिनं नाही म्हटलं होतं. त्यानंतर किती सालं उलटली, त्या दिवशी ती बांधाकडे जायचीच नाही. घरात बसून काहीतरी शिवत राहायची. "मला पोराचा राग कधी आला नाही गं," ती म्हणाली, "पण ते बसणं मनातून गेलं नाही. माझं राहिलं ते तुझं राहू नये."

आता झग्याची गोष्ट ऐका. दरसाल घालायचा झगा फार वर्षांपूर्वी कुणा दूरच्या शिंप्यानं शिवलेला होता. त्या साली पेटी उघडली तर उंदरांनी त्यात संसार थाटलेला. बाह्या होत्या, पाठ नव्हती. नवा शिवायचा तर नमुना हवा, म्हणून देवळातल्या शिसवी पेटीतला राणीआईचा अस्सल झगा बाहेर काढायचं ठरलं. एरवी तो घडीतच असे. लोक वरूनच हळदकुंकू वाहत. त्याची घडी मोडलेली गावात हयात असलेल्या कुणी पाहिलीच नव्हती.

ठरलं असं, की जी बसणार तिच्याच घरी नवा झगा शिवायचा. गावचे मानकरी होते, त्यांना सगळे आबा म्हणत. ते स्वतः झगा डोक्यावर घेऊन भिवराच्या घरी आले आणि बजावून गेले, "नमुना घ्या, मापं घ्या. पण राणीआईच्या झग्याला सुई लावायची नाही."

भिवरानं पाट मांडला, वर धुतलेलं धोतर अंथरलं आणि घडी उलगडली. जांभळ्या रंगाचा झगा, घोळ एवढा की अर्धी खोली भरली. पुढून एक पदर दुसऱ्यावर येऊन बगलेत बंदांनी बांधायचा. बाह्या मनगटापाशी चिकटणाऱ्या. भिवरानं विती घातल्या, बोटं मोजली, घेराला जोडलेली तिरकी कळीन् कळी निरखली. शिवणारणीला शिवणारीण कळते. जिनं कुणी तो शिवला होता तिचा हात बघून भिवराला भरून आलं.

आणि मग तिचा हात थांबला. वरचा पदर उचलला तर खाली, छातीच्या दोन्ही अंगांना, वीत वीतभर शिवण उघडी होती. कापडावर तिथंच पिवळसर गोल डाग पडलेले.

"अगं बाई," भिवरा हळहळली, "राणीआईचा झगा उसवलाय. आणि पेटीतली ओलही लागलीय."

सगुणा लेकीला पाजत शेजारी बसली होती. तिनं वाकून बघितलं आणि सहज विचारलं, की दोन्हीकडे सारखंच कसं उसवलं. भिवरानं तिला उडवून लावलं. जुनं कापड ताण पडतो तिथंच जातं, आणि ताण दोन्हीकडे सारखाच. सगुणा पुन्हा म्हणाली, की कडा तर दुमडून तुरपाई केलेल्या दिसतात. त्यावर भिवरा म्हणाली, असेल कुणा दासीनं केली डागडुजी, पुरती शिवायचा कंटाळा केला असेल मेलीनं. मग सुनेनं पुढे काही विचारलं नाही. शिवणकामात आत्याबाईंना कोण शिकवणार?

भिवराचे हात शिवशिवत होते. जुन्या झग्याला सुई लावायची नाही म्हणजे नाही, पण निदान नव्यात तरी ही लाज झाकावी. तिनं नवा झगा बेतला. सगळं जसंच्या तसं घेतलं, बंदाच्या गाठीसुद्धा तशाच. फक्त त्या दोन जागा तिनं बंद केल्या, आणि त्याही साध्या नाही. दुहेरी टीप घातली, की पुन्हा कधी उसवायचं नाव नको. झगा पुरा झाल्यावर आळीतल्या बाया बघायला आल्या. त्यांनी आतबाहेर करून पाहिलं आणि म्हणाल्या, राणीआईच्या झग्यापेक्षाही हा सरस उतरलाय. भिवरा वरवर नको नको म्हणाली. मनात मात्र तिला पटलं.

राहता राहिला लेकीच्या दुधाचा प्रश्न. झगा एवढा घट्ट, की बंद सोडून तो पुरता काढल्याशिवाय पाजणं व्हायचं नाही, आणि उठल्याशिवाय झगा निघायचा नाही. म्हणून दोघींनी आधीपासून पोरीला चोचीच्या बोंडल्यानं शेळीचं दूध घालायची सवय लावली. घरात ती शहाण्यासारखी गिळायची. भिवरा सुनेला म्हणाली, तू निर्धास्त बस, पोर माझ्याकडे.

तो दिवस उजाडला. पहाटे सगुणानं लेकीला पोटभर पाजलं, झगा अंगावर चढवला आणि ती बांधावर जाऊन बसली. ऊन वर आलं तशी जांभळ्या झग्याची कळीन् कळी उजळली. नेहमी तिला माळावरची म्हणणाऱ्या बाया खाली उभ्या राहून वर बघत होत्या आणि त्यातली एक म्हणाली, हिला शोभतंय हो. भिवराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कडेवरच्या नातीला ती म्हणाली, बघ तुझी आई.

नातीनं आईला बघितलं आणि तिथंच घोटाळा झाला. आई समोर दिसते आणि घेत नाही, हे तिला पटेना. त्यात ढोल, ताशे आणि गर्दी. भिवरानं बोंडलं पुढे केलं तर पोरीनं जीभ बाहेर काढून दूध ओघळवून टाकलं. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. दुपार कलायच्या आधीच पोर भुकेनं रडायला लागली. आधी कुरकुरली, मग ओरडली. मग तिचा आवाज बसला, आणि ते बसलेलं रडणं ऐकवेना.

वर सगुणा दोन्ही हात मांडीत आवळून बसली होती. लेक रडली की तिला पान्हा फुटायचा, तो आता दाटून छाती दुखत होती. आबा खालून समजावत होते, की पोरीला घरी न्या, आईच्या नजरेआड करा, रडून रडून झोपेल. आणखी कुणी म्हणालं, आम्ही आधीच सांगत होतो. सगुणानं सासूकडे बघितलं. त्या नजरेत रागही नव्हता आणि तक्रारही नव्हती. ती नुसती माफी मागत होती. भिवराला कळलं, आता ही उठणार. ही उठली की हिला जन्मभर लोक म्हणतील, माळावरची आली आणि राणीआईचं बसणं मोडलं.

भिवरानं नातीला खांद्यावरून खाली छातीशी घेतलं. भुकेलं पोर ते. चोळीवरच तोंड फिरवत राहिलं, शोधत राहिलं. म्हाताऱ्या आजीकडे काय मिळणार? शेवटी थकून ते बाजूला झालं, तेव्हा भिवराच्या चोळीवर एक ओला गोल डाग उमटला होता.

भिवरा त्या डागाकडे बघत राहिली. हा डाग तिनं आधी पाहिला होता. एवढाच, असाच, याच जागी.

तिच्या काळजात लख्ख झालं. ती ओल पेटीतली नव्हती. ते दूध होतं. आणि ती शिवण उसवलेली नव्हती. कुणीतरी मायेनं, मापानं ती उघडी ठेवली होती आणि कडा बोचू नयेत म्हणून दुमडून तुरपल्या होत्या. सुनेनं दोनदा विचारलं होतं, आणि आपण दोनदा तिला गप्प केलं होतं.

आता सांगा, तिनं काय करावं? गावासमोर जाऊन आपण शिवलेला, सगळ्यांनी वाखाणलेला झगा कापायचा, तोही राणीआईचा म्हणून अंगावर असताना? लोक काय म्हणतील? आयुष्यभर कमावलेलं नाव एका दुपारी तळ्यात जाईल. आणि आपला समज चुकीचा निघाला तर? तेवढ्यात नातीनं पुन्हा चोळीला तोंड लावलं, आणि मग भिवरानं कुणाचाच विचार केला नाही.

तिच्या कमरेला छोटी कात्री नेहमी खोचलेली असे. ती काढून, नातीला घेऊन भिवरा बांध चढायला लागली. आबा पुढे धावले. ढोल-ताशे थांबले.

आबा म्हणाले, "भिवरे, राणीआईचा झगा फाडतेस?"

"फाडत नाही आबा," भिवरा म्हणाली. "मी चुकून शिवलं होतं, ते उघडते."

ती सुनेसमोर गुडघ्यांवर बसली. वरचा पदर तसाच राहू दिला, त्याच्याआड हात घातला आणि आपलीच टीप शोधून कात्री लावली. दुहेरी टीप ती, निघता निघेना. एकेक टाका तुटत होता आणि ती पुटपुटत होती, काय गं बाई माझा हा शहाणपणा. शेवटी शिवण सुटली. सगुणानं लेकीला पदराआड घेतलं आणि रडणं थांबलं. सगळ्या बांधावर फक्त पोरीचा चुटुचुटु आवाज ऐकू येत होता. सगुणा बसल्या जागी बसून होती. बाहेरून बघणाऱ्याला झग्याची घडीसुद्धा हललेली दिसत नव्हती.

आबा रागावलेलेच होते. हे कुणाला विचारून, असं ते परत परत म्हणत होते. भिवरानं त्यांना हात जोडले आणि विनवलं, की देवळातला झगा एकदा आणा, आणि तरीही मी चुकले असेन तर मला द्याल ती शिक्षा द्या.

झगा आला. भिवरानं पदर उचलून गावातल्या बायांना ते दोन उघडे भाग दाखवले. "उसवलेल्या शिवणीचे धागे निघतात," ती म्हणाली. "इथं एक तरी धागा निघालाय का, हात लावून बघा." बायांनी कडेवरून बोटं फिरवली. मग ते डाग बघितले. एकीनं दुसरीकडे बघितलं. कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. ज्यांनी ज्यांनी कधी पोर पाजलं होतं, त्या सगळ्यांचे हात आपोआप आपल्या छातीशी गेले.

राणीआई बांधावर बसली तेव्हा तिच्या मांडीवर तान्हं लेकरू होतं. म्हणून तर ती दिवसभर उठली नाही, तिला उठावंच लागलं नाही. गाणी रचणाऱ्यांनी वीज सांगितली, वारा सांगितला, पालखीचे गोंडेसुद्धा सांगितले. बाळ मात्र सांगायचं राहून गेलं. त्या दूरच्या शिंप्यालाही ती जागा उसवलेली वाटली असेल आणि त्यानंही ती नेटकी शिवून टाकली असेल. आणि मग गावातल्या किती लेकुरवाळ्यांनी, जो मान मुळात एका लेकुरवाळीचाच होता, त्यालाच नाही म्हटलं.

आबांनी झग्याला हात जोडले. मग त्यांनी डोक्यावरचं मुंडासं नीट केलं आणि सगुणासाठी पाणी आणायला स्वतःच खाली उतरले.

ऊन उतरायला लागलं. पोर पिऊन झोपली होती. भिवरा जरा लांब, बांधाच्या कडेला बसली होती. तिला आनंद झाला होता आणि वाईटही वाटत होतं. आपण तेव्हा नाही म्हटलं, ते उगीचच म्हटलं, हे आज या वयात कळून काय उपयोग, असं तिच्या मनात येत होतं. तेवढ्यात सगुणानं घोळ आवरून शेजारी जागा केली.

"आत्याबाई, इथं बसा."

"वेडी का काय," भिवरा म्हणाली. "राणी एकटी बसते."

"ती तरी कुठं एकटी बसली होती?" सगुणा म्हणाली.

भिवरा उठली, सुनेच्या शेजारी जाऊन बसली. सगुणानं झोपलेली लेक तिच्या मांडीवर दिली आणि झग्याचा अर्धा घोळ तिच्या पायांवर पसरला. खालून कुणी अडवलं नाही. सूर्य तळ्यात उतरेपर्यंत तिघी तशाच बसून होत्या. ज्या दिवशी भिवरा घरात दार लावून शिवत बसायची, तो दिवस तिनं पहिल्यांदा बांधावरून पाहिला.

दुसऱ्या दिवशी भिवरानं नव्या झग्याच्या त्या कडा दुमडल्या आणि बारीक तुरपाई केली. या वेळी शेजारी सगुणा बसली होती आणि भिवरा दर चार टाक्यांनी तिला विचारत होती, बघ गं, बरोबर आहे का. सगुणाला तेव्हापासून माळावरची कुणी म्हटलं नाही. आणि पुढच्या साली मडकं फिरलं तेव्हा ज्यांनी कधीकाळी नाही म्हटलं होतं, त्या सगळ्या म्हाताऱ्यांनाही आपली बांगडी टाकायला बोलावलं गेलं. भिवरानं आपली टाकली. ती निघाली की नाही, ते विचारू नका. तिचं बसणं तर झालंच होतं.

तात्पर्य: वाडवडिलांच्या कामात उघडी राहिलेली शिवण दिसली, तर सुई उचलण्याआधी विचारावं की ही कुणासाठी उघडी ठेवली होती, आणि आपल्याच हातून ती शिवली गेली असेल, तर चारचौघांत उसवायला लाजू नये.